डक्टेबल एसीचा गॅस दर उन्हाळ्यात ‘संपतो’ तेव्हा

मार्चच्या शेवटी एसी लावला की हवा येते, पण गार येत नाही. मेकॅनिक येतो, सक्शनला (गॅस कॉम्प्रेसरकडे परत येतो त्या बाजूला) गेज जोडतो, ‘गॅस कमी आहे’ म्हणतो आणि भरून जातो. मे महिना बरा जातो. पुढच्या मार्चला पुन्हा तेच. बंगल्यांत आणि मोठ्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगच्या वर बसवलेल्या ३, ५.५ किंवा ८.५ टनी डक्टेबल एसीची (एकच यंत्र, डक्टमधून अनेक खोल्यांना हवा) ही नेहमीची तक्रार आहे. तिचे निदान बहुतेक वेळा एकाच गेजवर उरकले जाते, म्हणून ती परत परत येते.

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही की झिजत नाही. बंद नळ्यांत तोच तो वीस-वीस वर्षे फिरू शकतो. तेव्हा दरवर्षी भरावा लागत असेल तर दोनच गोष्टी संभवतात: एक तर गळती आहे आणि ती कोणी शोधलेली नाही, नाहीतर गॅस कमी नव्हताच. दुसरी गोष्ट वाटते त्यापेक्षा बऱ्याचदा खरी निघते. सुरुवात तिथूनच करावी, कारण ती तपासायला खर्च जवळपास शून्य आहे.

गेज लावण्याआधी

कॉइलवरून (खोलीची हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवरून) हवा कमी गेली की सक्शनचा दाब उतरतो आणि गेजवर तो हुबेहूब गॅस कमी असल्यासारखा दिसतो. साधारण हिशेब टनाला ४०० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा), म्हणजे ५.५ टनाच्या यंत्राला २२०० सीएफएम. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत हवेतले पाणी जास्त निघावे म्हणून टनाला ३५० वर ठेवतात, पण त्याच्या खाली नेऊ नये.

हवा कमी होण्याची कारणे घरगुतीच असतात. फिल्टर तुंबलेला असतो. ब्लोअर बेल्टवर चालणारा असेल तर बेल्ट सैल होऊन घसरतो. फिल्टर काढून तसाच महिनोन्‌महिने चालवला असेल तर धूळ थेट कॉइलच्या पन्ह्यांत (पातळ पत्र्यांत) जाऊन बसते, आणि ती वरून दिसत नाही. तिथे टॉर्च आतून धरून पाहावा लागतो. आणखी एक कारण फारसे कोणी विचारत नाही: वीज वाचवायची म्हणून पाचपैकी तीन खोल्यांचे ग्रिल बंद ठेवलेले असतात. यंत्र ५.५ टनाचेच राहते, हवा मात्र निम्मी होते. कॉइल शून्याखाली जाते, बर्फ धरते, बर्फामुळे उरलेली हवाही अडते, आणि दोन तासांनी ‘गॅस संपला’.

कॉइलवर किंवा सक्शन पाइपवर बर्फ दिसत असेल तर त्या अवस्थेत कोणतेही रीडिंग घेऊ नका. कॉम्प्रेसर बंद करून नुसता ब्लोअर चालवा, बर्फ पूर्ण वितळू द्या, कॉइल कोरडी होऊ द्या, मग गेज जोडा. अर्ध्या वितळलेल्या कॉइलवर घेतलेल्या आकड्यांवरून गॅस भरला तर तो हमखास जास्त भरला जातो.

यानंतर दोन थर्मामीटर घ्या. एक रिटर्नमध्ये, म्हणजे खोलीची हवा यंत्रात परत शिरते तिथे, एक यंत्राच्या तोंडाशी, डक्ट सुरू होते तिथे. फरक ८ ते १२ अंश असावा, पावसाळी दमटपणात खालच्या टोकाला आणि नाशिक-पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात वरच्या टोकाला. १५ च्या वर गेला तर हवा कमी आहे. यंत्राच्या तोंडाशी १० चा फरक आणि शेवटच्या ग्रिलला ५ चाच मिळत असेल तर यंत्र ठीक आहे. गारवा वाटेत चालला आहे: डक्टचे इन्शुलेशन सुटलेले, जोड उघडलेला, किंवा रिटर्नची पेटी फाटून यंत्र स्लॅबखालची तापलेली हवा ओढते आहे. यातले काहीही गॅस भरून सुधारत नाही.

थ्री-फेज यंत्रात अजून एक फसवी गोष्ट असते. इमारतीच्या मीटरवर किंवा केबलवर काम झाल्यानंतर फेजचा क्रम बदललेला असू शकतो. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर दाब तयार होत नाही. सक्शन आणि डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून गॅस बाहेर पडतो ती बाजू) यांचे दाब जवळजवळ सारखे दिसतात, अँपिअर कमी येतात आणि नेहमीपेक्षा मोठा खडखडाट ऐकू येतो. कोणतेही दोन फेज अदलाबदल केले की काम झाले. हे काही मिनिटांत जमते. तसाच चालवत ठेवला तर कॉम्प्रेसर जातो. फेज-क्रमाचा रिले बसवलेला नसेल तर बसवून घ्यावा, आणि असेल तर ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून कोणी तो बायपास केला आहे का ते पाहावे.

एका दाबावरून काही कळत नाही

यंत्र बंद असताना गेजवर दिसणारा दाब गॅस किती आहे ते सांगत नाही. आत थोडासा जरी द्रव उरला असेल, तरी दाब तापमानाप्रमाणेच राहतो. २५ अंशांना आर-४१०ए जातीचा गॅस साधारण २२५ पीएसआय दाखवेल, मग आत चार किलो असो की एक किलो. ‘स्टँडिंग प्रेशर बरोबर आहे’ या वाक्याचा अर्थ एवढाच की नळ्या पूर्ण रिकाम्या नाहीत.

चालू यंत्रात दाबासोबत पाइपाचे तापमान हवेच. सक्शनच्या दाबावरून गॅसचे उकळण्याचे तापमान मिळते. सक्शन पाइप त्यापेक्षा जितका गरम, तितका सुपरहीट. डिस्चार्ज बाजूच्या दाबावरून गॅस द्रव होण्याचे तापमान मिळते. लिक्विड पाइप त्यापेक्षा जितका गार, तितके सबकूलिंग. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये द्रव मोजून सोडणारी झडप) असलेल्या यंत्रात दोन्ही साधारण ५ ते ८ अंशांत असावेत. यंत्राच्या पाटीवर कंपनीने आकडा दिला असेल तर तोच धरावा. प्रोब पाइपाला घट्ट बांधून वर नायट्राइलचा तुकडा गुंडाळा. नुसता टेकवलेला प्रोब तीन-चार अंश खोटे सांगतो, आणि तेवढ्यात निदान फिरते.

आर-४१०एचे काही आकडे पाठच असावेत: १०२ पीएसआय म्हणजे ० अंश, ११८ म्हणजे साधारण ४.५, १३० म्हणजे ७, ३६५ म्हणजे ४३, ४१८ म्हणजे ४९. आर-२२ ला ५८ म्हणजे ०, ६९ म्हणजे साधारण ४.५, २२६ म्हणजे ४३. आर-३२ आर-४१०एच्या किंचित वर चालतो. आर-४०७सी असेल तर तक्त्यात दोन रकाने दिसतील, कारण तो एकाच तापमानाला उकळत नाही. सुपरहीटला ड्यू, सबकूलिंगला बबल रकाना घ्यायचा. उलटे घेतले तर चांगले यंत्रही आजारी वाटते.

आता एकाच सक्शन दाबाची दोन यंत्रे शेजारी ठेवून बघा. दोन्हींत आर-४१०ए, बाहेर ३५ अंश, सक्शन १०२, डिस्चार्ज ३६५. पहिल्यात सक्शन पाइप १६ अंश आणि लिक्विड पाइप ४२ अंश. सुपरहीट १६, सबकूलिंग जेमतेम १. इथे गॅस खरोखर कमी आहे. दुसऱ्यात सक्शन पाइप २ अंश आणि लिक्विड पाइप ३६ अंश. सुपरहीट २, सबकूलिंग ७. गॅस पुरेसा आहे, हवा कमी आहे. या दुसऱ्या यंत्रात ‘सक्शन १२० येईपर्यंत’ गॅस भरला की द्रव कॉम्प्रेसरकडे परततो, तेल पातळ करतो आणि बेअरिंग खातो. एका सीझनमध्ये कॉम्प्रेसर बदलावा लागतो आणि दोष व्होल्टेजला दिला जातो.

तिसरा प्रकार: सक्शन ८७, म्हणजे उणे ४ अंश, सुपरहीट १८, पण सबकूलिंगही ११. द्रव कंडेन्सरमध्ये (आउटडोअरच्या कॉइलमध्ये) साठला आहे, पुढे जात नाही. ड्रायर (लिक्विड पाइपातला ओल आणि कचरा धरणारा फिल्टर) किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हची जाळी तुंबली आहे. ड्रायरच्या आधी आणि नंतर हात लावा. फरक हाताला जाणवत असेल तर ड्रायर गेला. ड्रायर ठीक असेल तर व्हॉल्व्हचा बल्ब पाहा. तो सुटून लोंबकळत असेल किंवा वर इन्शुलेशन नसेल तर चित्र उलटे दिसते: व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि सुपरहीट शून्याकडे जातो.

डिस्चार्जचा दाब बाहेरच्या तापमानाशी ताडल्याशिवाय वाचू नये. कंडेन्सिंग तापमान बाहेरच्या हवेपेक्षा १० ते १५ अंश वर असते. ४७५ पीएसआय म्हणजे साधारण ५४ अंश. पुण्यात ३५ अंशांना हा आकडा दिसला तर कंडेन्सर घाण आहे, पंखा मंद आहे, गॅस जास्त आहे किंवा आत हवा राहिली आहे. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात ४५ अंशांना तोच आकडा अगदी सामान्य आहे. आउटडोअर ड्राय बाल्कनीत किंवा इमारतीच्या अरुंद शाफ्टमध्ये कोंडलेले असेल तर ‘बाहेरची हवा’ म्हणजे यंत्र प्रत्यक्षात ओढते ती हवा. थर्मामीटर कंडेन्सरच्या मागे, हवा आत शिरते तिथे धरा. हवामान खात्याचा आकडा इथे कामाचा नाही.

गळती शोधणे

सुपरहीट जास्त, सबकूलिंग नाहीसे, म्हणजे गॅस खरोखर गेला आहे. आता गळतीचा आकार डोळ्यांसमोर आणा. यंत्रात ३.५ किलो गॅस आहे आणि वर्षाला ७०० ग्रॅम घालावे लागतात. म्हणजे दिवसाला सुमारे २ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला वायूचा अर्धा मिलीलीटरही नाही. साबणाचा फेस लावून दहा सेकंद बघून पुढे जाणाऱ्याला ही गळती कधीच दिसणार नाही. तिथे बुडबुडा फुगत नाही. पाच-सात मिनिटांनी पांढऱ्या फेसाचा बारीक कोंब उगवतो. म्हणून साबण दाट करा, त्यात थोडे ग्लिसरीन घाला, जोडाला लावा आणि थांबा.

आधी तेलाचे डाग शोधा. गॅसबरोबर तेलही झिरपते आणि त्यावर धूळ चिकटून काळपट चिकट ठिपका होतो. पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: फ्लेअर नट (पाइपाचे शंकूसारखे पसरवलेले तोंड दाबून धरणारे), सर्व्हिस पोर्टची पिन, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे टोपण, कॉइलचे यू-बेंड, आणि कॅपिलरी (काही यंत्रांत व्हॉल्व्हऐवजी असते ती बारीक नळी) किंवा डिस्ट्रिब्युटरच्या बारीक नळ्या एकमेकींवर घासतात ती जागा. पोर्टवरचे पितळी टोपण हीच खरी सील असते, आतली पिन दुय्यम. टोपण हरवलेले यंत्र बरेचदा फक्त तिथूनच गळत असते. फ्लेअर नट पाना मारून ‘अजून घट्ट’ करण्यात अर्थ नाही, शंकू चिरतो. टॉर्क पाना वापरा: पाव इंचीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांश इंचीला ३३ ते ४२, अर्ध्या इंचीला ५० ते ६२.

यंत्राच्या दोन्ही टोकांना काही सापडत नसेल तर संशय भिंतीतल्या कॉपरवर. आपल्याकडे पाइप भिंत फोडून पुरतात, वर प्लास्टर करतात. इन्शुलेशन फाटून ओला सिमेंट कॉपरला लागला, टाइल धुताना अॅसिड आत मुरले, किंवा कोणी पडद्याच्या रॉडसाठी ड्रिल मारले, तर गळती तिथे. समुद्रकाठच्या घरांत आउटडोअरच्या अॅल्युमिनियम पन्ह्या खाऱ्या हवेने भुरभुरीत होतात. इनडोअर कॉइलला मात्र दुसराच रोग होतो: नव्या प्लायवूड, गोंद, रंग, व्हिनेगर किंवा सफाईच्या द्रावणांतून निघणाऱ्या फॉर्मिक आणि अॅसेटिक आम्लाच्या वाफा ओल्या कॉपरला मुंग्यांच्या वारुळासारखी सूक्ष्म भोके पाडतात. नवे इंटिरियर झालेल्या घरात दोन-तीन वर्षांतच कॉइल गळू लागली तर हे कारण धरावे. अशा कॉइलला एक भोक ब्रेझ करून (धातूचा रॉड वितळवून बुजवून) उपयोग नाही, शेजारी पन्नास तयार होत असतात. कॉइलच बदलावी.

कोणता भाग गळतो ते विभागून काढता येते. लिक्विड व्हॉल्व्ह बंद करून यंत्र चालवा, गॅस आउटडोअरमध्ये गोळा करा आणि सक्शन २ ते ५ पीएसआयवर आले की सक्शन व्हॉल्व्ह बंद करून यंत्र थांबवा. शून्याखाली नेऊ नका. गळती असलेल्या नळीतून हवा आत खेचली गेली तर तेल आणि हवेच्या मिश्रणाने कॉम्प्रेसर फुटू शकतो. लांब पाइपिंगमध्ये सगळा गॅस आउटडोअरमध्ये मावत नाही, म्हणून उरलेला रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढा, आणि सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. मग पाइप आणि इनडोअर कॉइलमध्ये कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून ३०० पीएसआयपर्यंत भरा, मात्र पाटीवरच्या दाबाची मर्यादा ओलांडू नका. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

आता दाबासोबत तापमानही लिहून ठेवा. संध्याकाळी ३४ अंशांना ३०० पीएसआय असेल तर सकाळी २४ अंशांना तो आपोआप २९० च्या आसपास येतो. ही गळती नव्हे. २७५ दिसले तर गळती आहे आणि ती याच बाजूला आहे. तापमानाचा हिशेब धरून दाब जसाच्या तसा राहिला तर दोष आउटडोअरमध्ये.

दुरुस्ती आणि भरणी

ब्रेझिंग करताना पाइपातून नायट्रोजनचा मंद झोत चालू ठेवावा. तो नसेल तर आत काळी पूड धरते, आणि चार महिन्यांनी तीच एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत सापडते. कॉपरला कॉपर असेल तर फॉस-कॉपर रॉड चालतो, कॉपर-पितळेला सिल्व्हर रॉड आणि फ्लक्स लागतो. यंत्र उघडले की ड्रायर बदलायचाच.

व्हॅक्यूम म्हणजे ‘अर्धा तास पंप चालवणे’ नव्हे. मॅनिफोल्डचा काटा उणे ३० इंचावर टेकला तरी आत हजारो मायक्रॉन (उरलेल्या दाबाचे बारीक माप) असू शकतात. मायक्रॉन गेज पंपापाशी न लावता यंत्राच्या दूरच्या टोकाला लावा, ५०० च्या खाली न्या, पंप अलग करून १५-२० मिनिटे थांबा. १००० पर्यंत चढून स्थिरावला तर ओल राहिली आहे. चढतच राहिला तर गळती आहे. आर-४१०ए आणि आर-३२ सोबतचे पीओई तेल ओल शोषते आणि ती पंपाने तेलातून निघत नाही, म्हणून नळ्या उघड्या ठेवून जेवायला जाऊ नये. व्हॅक्यूमऐवजी ‘थोडा गॅस सोडून हवा काढणे’ हा आणखी वाईट प्रकार. राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये साचते, डिस्चार्जचा दाब कायम चढा ठेवते आणि गॅस जास्त झाल्यासारखी लक्षणे दाखवते.

भरणी वजनाने. पाटीवरचे वजन बहुधा ५ किंवा ७.५ मीटर पाइपासाठी असते, नक्की किती ते पुस्तिकेत पाहावे. त्यापुढच्या प्रत्येक मीटरला तीन-अष्टमांश इंची लिक्विड पाइपात सुमारे ५० ग्रॅम आणि अर्ध्या इंचीत सुमारे १०० ग्रॅम आर-४१०ए लागतो. ७.५ मीटरची पाटी आणि १५ मीटरचा अर्धा इंची पाइप असेल तर पाऊण किलो वाढवायचा. हा पाऊण किलो बसवतानाच न घातल्यामुळे ‘गॅस कमी होतो’ असे वाटणारी यंत्रे कमी नाहीत. ती कधी गळलीच नव्हती, त्यांना पहिल्या दिवसापासून कमी होते.

अँपिअर बघून भरू नका, ते व्होल्टेज आणि बाहेरच्या उन्हावरही हलतात. आर-४१०ए मिश्रण असल्याने द्रवरूपात काढायचा, म्हणजे आत नळी नसलेला सिलिंडर उलटा धरून, आणि चालू यंत्रात सक्शनला अगदी थोडा-थोडा सोडायचा. उरलेला हिशेब १५ मिनिटे यंत्र स्थिरावल्यावर सबकूलिंगवरून करावा. कॅपिलरीच्या यंत्रात सबकूलिंगवर भरवसा नाही, तिथे वजनच.

सिलिंडरवर काय लिहिले आहे

पाटीवर आर-२२ असेल तर फक्त आर-२२. भारतात १ जानेवारी २०२५ पासून नव्या यंत्रांच्या उत्पादनात तो वापरता येत नाही, दुरुस्तीसाठी मात्र अजून मिळतो. दुर्मिळ होत गेला तशी त्यात भेसळही वाढणार. आर-४१०ए त्याच यंत्रात घालू नये, दाब सुमारे ६० टक्के जास्त असतो आणि तेलही वेगळे. आर-४१०एच्या यंत्रात आर-३२ घालायचा मोह होतो, कारण दाब जुळतात. पण डिस्चार्जचे तापमान जास्त जाते, आणि आर-३२ मंद का होईना जळणारा गॅस आहे. ते यंत्र त्यासाठी बनवलेले नाही. ‘त्याच जातीचा स्वस्त गॅस’ म्हणून प्रोपेन किंवा चक्क एलपीजी घालणारेही असतात. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत चार किलो एलपीजी म्हणजे घरात उघडा सिलिंडर ठेवण्यासारखेच. आत काय आहे याची खात्री नसेल तर वर काही घालू नये. सगळा काढून, व्हॅक्यूम करून, पाटीवरचाच नव्याने वजनाने भरावा. आर-३२ असलेल्या नळीवर गॅस पूर्ण काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय ज्योत लावू नये.

काम संपले की आउटडोअरच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला मार्करने लिहावे: तारीख, किती ग्रॅम घातले, बाहेरचे तापमान, सुपरहीट, सबकूलिंग, गळती कुठे होती. पुढच्या मार्चला जो येईल, मग तो दुसराच कोणी का असेना, त्याने गेज जोडण्याआधी ते पॅनेल उघडावे.